बाबी तांडेलचे पोलीस

बाबी तांडेल खोटं बोलतो, हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. तो एकच खोटं बोलतो, पण ते दिवसातून चाळीसपन्नास वेळा बोलतो. वाडीचा उतार जिथे डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे एक आंधळं वळण आहे. त्या वळणाच्या अलीकडे एका चिऱ्यावर तो बसलेला असतो. वरून मोटरसायकल आली की उठतो, हात आडवा करतो. गाडी थांबली की आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो, आणि लपवलेल्या मालाची जागा सांगावी अशा आवाजात सांगतो, "फुडे उभे आसत."

कोण उभे आहेत हे कुणी विचारत नाही. गाडीवाला कोपरात अडकवलेलं हेल्मेट काढतो, डोक्यावर चढवतो आणि निघतो. पुढे मालवणपर्यंत पोलीस काय, पोलिसांची टोपीसुद्धा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तेच वळण, तोच आडवा हात. आणि माणूस पुन्हा हेल्मेट घालतो, कारण आज खरोखरच उभे असले तर?

हे मी लोकांना हसवण्यासाठी लिहायला घेतलेलं नाही, जरी बाबीबद्दल लिहिताना हसू आवरणं कठीण आहे. त्याच्या या खोट्यापायी मी त्याच्यावर एक आरोप केला. चारचौघांत केला. तो आरोप चुकीचा होता. वाडीत त्याचं जे काही नाव होतं ते मी घालवलं. ते परत जागेवर ठेवता येतं का, एवढंच मला बघायचं आहे.

बाहेरच्या माणसाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे हेल्मेट नाही असं घर नाही. फक्त ते डोक्यावर नसतं. कुणी आरशाला टांगतं, कुणी टाकीवर पोटाशी धरतं. बाजारातून येताना त्यात कोथिंबीर आणि मिरच्या घालून आणणारेही आहेत. बहुतेक जण कोपरात अडकवतात. पोलीस दिसले की डोक्यावर, पोलीस गेले की परत कोपरात. त्यामुळे मालवणहून येणाऱ्याने जाणाऱ्याला पोलीस कुठे आहेत हे सांगणं हा आमच्याकडचा शिष्टाचार आहे. ओळख असो नसो, समोरून दिव्याची उघडझाप केली की समजायचं. वैर असलेले दोन भाऊसुद्धा एकमेकांना दिवा दाखवतात. आज बांगडा स्वस्त आहे असं कुणी खोटं सांगितलं तर लोक चिडतील आणि विसरतील. पोलिसांची खबर कुणी खोटी देत नाही. तिथे बाबी दिवसभर बसून खोटी खबर देत होता. संशय येणार नाही तर काय होणार?

बाबीचं वय पासष्टच्या आसपास. तीस वर्षं तो ट्रॉलरवर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी उठतात आणि बसतात. आडनावही तेच आणि कामही तेच. मालकाने ट्रॉलर विकला आणि बाबी जमिनीवर आला. बायको त्याआधीच काही वर्षं वारली होती. मूल नव्हतं. होडीवरून त्याने दोनच गोष्टी घरी आणल्या. एक त्याचा आवाज, आणि दुसरं नारिंगी लाइफ जॅकेट.

आमच्याकडचे कितीतरी मच्छीमार हे जॅकेट उशाला घेऊन होडीत झोपतात. बाबी ते अंगात घालून मोटरसायकल चालवतो. सगळी बकलं लावून. गुडघ्यांवर जाळं तरंगतं ठेवणारे बोये अर्धे कापून नाडीने बांधलेले. पायात रबरी बूट, हातात जाळं ओढायचे हातमोजे आणि डोक्यावर हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट. मे महिन्याच्या उन्हात हा माणूस लांबून येताना दिसला की वाटतं, बुडत्या जहाजावरून सुटलेला कुणीतरी आता ते जहाज शोधत फिरतो आहे.

वळणापासून हाकेच्या अंतरावर गोपाळची चहाची टपरी आहे. त्याने एकदा विचारलं, बाबीदादा, रस्त्यावर बुडायचं भय आहे काय? बाबीने हेल्मेटची काच वर केली.

"दर्यात तीस वर्सांत माका कोण बुडवूक नाय," तो म्हणाला. "हयसर रोज दोघेजण प्रयत्न करतत."

त्याचा वेग तीसचा. एसटी, रिक्षा, टेम्पो सगळे त्याला मागे टाकतात. एकदा सायकलवरच्या पाववाल्याने त्याला मागे टाकलं आणि काळजीने मान वळवून बघितलं. बाबीला त्याचं काही नाही. त्याचं सगळं लक्ष संशय घेण्यात असतं. रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा संशय आहे. उभ्या गाडीचं दार आता उघडेल. पाण्याचं डबकं म्हणजे खड्डा. सरळ वाट दिसते ती कुणीतरी मुद्दाम सरळ दाखवलेली आहे. पर्यटक भाड्याच्या स्कूटरवर दिसले की तो गाडी थेट कडेला घेऊन थांबतो. "ते रस्तो बघणत नाय. दर्या बघतत," असं म्हणतो. रिक्षावाल्याने हात बाहेर काढला म्हणजे तो वळणारच, असं त्याच्या मते अजिबात नाही. तो थुंकेल, नाहीतर पाऊस आहे का बघेल. सगळ्या वाहतुकीत त्याला भरवशाची वाटते ती एकटी गाय. कारण ती घाईत नसते.

"रस्त्यार कोणाचो इश्वास धरू नको रे परशा," तो मला सांगायचा. "बापाशीचो सुदिक."

माझं नाव परशुराम. मी मालवणच्या एका शाळेत लिपिक आहे. रोज सकाळी त्या वळणावरून जातो, संध्याकाळी येतो. इतकी वर्षं हा उपदेश ऐकूनही मी तो फक्त बाबीच्या बाबतीत पाळला. त्याच्यावर विश्वास धरला नाही.

हेल्मेट तपासणं हा त्याचा दुसरा छंद. ओळखीचा असो, परका असो, तो हेल्मेटवर बोटांनी टकटक करतो, आत नाक घालतो, काच उन्हात धरतो, आणि शेवटी हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घालून ओढून बघतो. पट्टा न लावता घातलेल्या हेल्मेटला तो हेल्मेट म्हणत नाही, टोपी म्हणतो. माझं हेल्मेट एकदा घरी टेबलावरून खाली पडलं. ही बातमी त्याला कशी कळली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. ते टाकून दे, म्हणाला. मी म्हटलं, साधा ओरखडासुद्धा नाही. तो म्हणाला, "नारळ फुटलो तर पाणी येता. ह्या फुटला तर काय्येक कळणा नाय. डोक्यार घालून पडतलस तेव्हा कळतला."

गोपाळने नवी मोटरसायकल घेतली तेव्हा ती रितीप्रमाणे आधी देवळासमोर आणली. चाकांखाली लिंबं, हँडलला हार, पुढे नारळ. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, या गाडीला आणि गाडीवर बसणाऱ्या लेकराला सांभाळ रे म्हाराजा. लेकरू पन्नाशीचं होतं, पण सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. इतक्यात मागून बाबी पुढे आला. त्याने गोपाळच्या हातातलं हेल्मेट घेऊन नारळाशेजारी ठेवलं आणि आपल्या होडीवरच्या आवाजात देवाला सांगितलं, "सगळो भार तुझ्यार टाकून हो मोकळो बसतलो. तर देवा, ह्येका पट्टो लावची बुद्धी दी."

लोक तोंडाच्या सवयीने म्हणून गेले, "व्हय म्हाराजा."

गोपाळला देवासमोर, पन्नास माणसांत, पट्टा लावून दाखवावा लागला. तेव्हापासून त्याच्या मनात बाबीबद्दल अढी बसली. पुढे संशयाचं जे पीक आलं ते त्याच्याच टपरीवर आलं. पेरणी मात्र मी केली.

झालं असं. खोट्या खबरी इतक्या झाल्या की टपरीवर रोज चर्चा सुरू झाली. हा माणूस असं का करतो? गोपाळचं म्हणणं, याला मालवणच्या हेल्मेटवाल्याकडून काहीतरी मिळत असणार. दुसऱ्या कुणी म्हटलं, समुद्रावर राहून डोक्यावर परिणाम झाला. मी ऐकत असे, बोलत नसे. मग एके सकाळी माझ्या नजरेला एक गोष्ट पडली. बाबीच्या पायाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. मी पुढे गेल्यावर त्याने खिशातून काहीतरी काढलं आणि डब्यात टाकलं. खळ् असा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी मी आरशात बघत गेलो. ते शिंपलं होतं, आम्ही कालवणात घालतो त्या तिसऱ्यांचं. प्रत्येक गाडीमागे एक शिंपलं. संध्याकाळी आलो तेव्हा तो डब्यातून एक शिंपलं काढत होता.

माणूस कुणाचीतरी मोजदाद ठेवतो आहे, एवढं मला कळलं. कुणासाठी ठेवतो आहे, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं, असं मला वाटलं. मालवणच्या नाक्यावर पोलिसांची जीप उभी होती आणि जीपच्या खिडकीत वाकून बाबी बोलत होता. नारिंगी जॅकेट, त्यामुळे चूक होणं शक्य नाही. तो हातांनी वळण दाखवत होता. साहेब मान हलवत होता.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मला हेल्मेटचा दंड झाला. बाबी त्या दिवशी वळणावर नव्हता. रोज नसलेले पोलीस सांगणारा माणूस, पोलीस असतील त्याच दिवशी गायब. मी सगळं जुळवलं. शिंपली, जीप, गैरहजेरी. माझं काम कागदपत्रं जुळवण्याचं आहे, त्यामुळे जुळलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास.

त्याच संध्याकाळी टपरीवर दहाबारा माणसांत मी म्हणालो, "बाबी पोलिसांचा खबरी आहे. कोण हेल्मेट न घालता जातो ते मोजून देतो."

एखाद्या दिवशी हेच गोपाळ बोलला असता तर लोक हसले असते. मी बोललो म्हणून कुणी हसलं नाही. माझ्या शब्दाला वाडीत वजन होतं, कारण मी तो फारसा वापरत नसे. रात्रीपर्यंत ते वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. बाबीकडे साधा बटणांचा फोन. त्याला ते वाचताही आलं नाही.

त्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा हात आडवा करूनही एकसुद्धा गाडी थांबली नाही. काहींनी तर त्याला दाखवत हेल्मेट कोपरात वर सरकवलं. टपरीवर तो आला की बोलणं बंद. गोपाळ त्याला चहा द्यायचा, पण बाकावर नव्हे, बाहेर कठड्यावर आणून ठेवायचा. आठवडाभराने वाडीतले चारपाच जण वळणावर गेले आणि त्याला म्हणाले, इथे बसायचं नाही. त्याच्याकडे माडाच्या हिरांची एक केरसुणी असे. चिरेखाणीचे ट्रक वळणावर हेलकावतात तेव्हा लाल बारीक खडी सांडते, ती तो रोज सकाळी झाडून काढायचा. तेही लोकांना संशयास्पद वाटत होतं. ती केरसुणी कुणीतरी पऱ्ह्यात, म्हणजे खालच्या ओढ्यात, फेकून दिली. बाबी भांडला नाही. डबा उचलून तो वर उतारावर गेला आणि आपल्या काजूच्या बागेच्या दगडी गडग्यावर जाऊन बसला. तिथूनही तो हात आडवा करायचा. मला हे सगळं दिसत होतं. मी ते योग्य समजत होतो.

मग महाशिवरात्र आली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, कुणकेश्वरला दर्शनाला जायचं होतं. आम्ही सकाळीच निघालो. तिने नवी साडी नेसली होती आणि केसांत सुरंगीचा वळेसर माळला होता. सुरंगीचे दिवस थोडे, त्यात ती फुलं मिळाली म्हणून ती खुशीत होती. हेल्मेट घातलं तर फुलं चुरगळतील, म्हणाली. मी म्हटलं, नको घालू, देवाच्या कामाला चाललो आहोत. तिचं हेल्मेट घरीच राहिलं. माझं कोपरात होतं.

उतारावर गडग्यावरून बाबी उतरला आणि चक्क रस्त्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. मला ब्रेक लावावा लागला.

"परशा, फुडे उभे आसत," तो म्हणाला. "वयनीच्या डोक्यार कायतरी घाल."

मी म्हणालो, "उभे असले तर तूच उभे केले असशील."

तो बाजूला झाला. एवढंच. पण बाजूला होताना त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला आणि मी मुद्दाम ऐकलं. खळ्. आणि पुन्हा एकदा, खळ्. मी सुनंदाला म्हणालो, बघ, आपली नोंद झाली.

वळणावर खडी होती. तीन आठवड्यांची. वेग फार नव्हता, पण पुढचं चाक खडीवर गेलं आणि गाडी माझ्या खालून काढून घेतल्यासारखी निघून गेली. सुनंदा एका बाजूला पाय सोडून बसली होती. ती उलटी पडली आणि तिचं डोकं रस्त्याच्या कडेच्या चिऱ्यावर आपटलं. मी कोपरावर पडलो. कोपरात हेल्मेट होतं. ते फुटलं. मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हेल्मेट नसतं तर कोपराचा चुरा झाला असता. माझ्या हेल्मेटने माझं कोपर वाचवलं, हे वाक्य मी अजून कुणाला मोठ्याने सांगू शकलेलो नाही.

टपरीवरची माणसं धावली. कुणीतरी सुनंदाला बसती करायला गेलं, कुणी पाण्याचा तांब्या आणला. तेवढ्यात उतारावरून बाबीचा आवाज आला. तो होडीवरचा आवाज मी आधी फक्त देवळात ऐकला होता.

"मान हलवू नकात. पाणी देव नकात. कोण हात लावूचो नाय."

आणि सगळे थांबले. ज्याला बाकावर बसू देत नव्हते त्याच्या एका शब्दावर दहा माणसं जागच्या जागी थांबली. बाबी गुडघ्यावर बसला. त्याने अंगातलं जॅकेट काढलं आणि तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना असं बसवलं की डोकं इकडेतिकडे जाऊ नये. एक रिकामा टेम्पो अडवला. टपरीचा बाक उलटा करून त्यावर तिला चौघांनी उचललं. कुणी कुठे धरायचं ते तो सांगत होता. टेम्पोत तो तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला आणि ड्रायव्हरला सारखा म्हणत होता, सावकाश, सावकाश. मी समोर बसलो होतो. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला वेळ नव्हता.

सुनंदा आठ दिवस दवाखान्यात होती, आणि मी तिच्या उशाशी. वाचली. चालते, बोलते, सगळं करते. पण त्या दिवसापासून तिला वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, कधी परत येतो, कधी नाही. सुकट भाजताना करपली तरी आता तिला कळत नाही. मी घरात असलो की सांगतो. नसलो की ती स्वयंपाक करताना दर मिनिटाला झाकण काढून बघते.

तिला घरी आणलं त्याच संध्याकाळी मी बाबीच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं होतं. तो पडवीत बसला होता, समोर डबा. मी उभ्या उभ्या म्हणालो, बाबीदादा, माझी चूक झाली. त्याने विचारलं, वयनी जेवते का? मी म्हटलं, जेवते. मग त्याने डब्यात हात घातला, तळाची दोन शिंपली काढली आणि खिशात टाकली.

"आठ दीस डबो रिकामो झालो नाय," तो म्हणाला.

मग मी विचारलं आणि त्याने सांगितलं. मला जे कोडं वाटलं होतं ते त्याला सांगण्यासारखंही वाटत नव्हतं. होडी समुद्रात जाताना तांडेल माणसं मोजतो. होडी परत आली की आधी माणसं मोजायची, मग मासळी. तीस वर्षांची सवय. होडी गेली, पण मोजल्याशिवाय त्याला संध्याकाळी जेवण जाईना. म्हणून वाडीतून जो बाहेर जाईल त्याचं एक शिंपलं डब्यात, परतला की बाहेर. डबा रिकामा झाला की तो घरी जायचा. नाही झाला तर आपल्या तीसच्या वेगाने शोधायला निघायचा. कितीदा तरी तो असा मालवणपर्यंत जाऊन आलेला होता, आणि माणूस सिनेमा बघून मागून घरी पोचलेला असायचा.

आणि जीप?

"सायबाक परत एकदा सांगूक गेल्लंय. वळणार एक माणूस उभो करा म्हटलंय. तो म्हणालो, आमच्याकडे माणसां खंय आसत. पयल्या खेपेक तो असोच म्हणालो, तेवापासून मीच उभे करतंय." त्याने डब्याचं झाकण बसवलं. "डोक्याचा सांगलंय तर हसतत रे. पोलिसाचा सांगलंय तर घालतत."

मला दंड झाला त्या दिवशी तो कुठे होता हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. फोंडाघाटला त्याची एक म्हातारी बहीण असते, तिच्याकडे गेला होता. सांगताना त्याचा स्वर असा होता की वळण सोडून गेल्याबद्दल तो माझी माफी मागतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर जाऊन सगळं सांगितलं. जिथे बोललो होतो तिथेच, तेवढ्याच माणसांत. बाबी खबरी नाही, मी चुकलो, त्याला बोलावून त्याची जागा द्या.  मग गोपाळ म्हणाला, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो की माणूस चांगला आहे. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. वाडीत बाबीवर संशय घेणारा मी एकटाच होतो असं ठरलं, आणि मला ते मान्य आहे. फक्त उठताना कुणीतरी हळूच विचारलं, हेल्मेटवाल्याकडून आता तुलाही काही मिळतं का? संशय असा लगेच घर सोडत नाही. नव्या भाडेकरूकडे जातो.

बाबी वळणावर परत आला. बाक मिळाला, केरसुणी नवी मिळाली. सगळेच हेल्मेट घालतात असं नाही, पण थांबतात. तो परत टकटक करतो, दोन बोटं घालतो, पर्यटकांना बघून कडेला उभा राहतो. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतो. त्याने मला माफ केलं का, हे मला ठाऊक नाही, कारण मी काही केलं होतं असं त्याने कधी म्हटलंच नाही. माणूस असा वागला की आपलं ओझं उतरत नाही, आपल्याकडेच राहतं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी तो फोंडाघाटला बहिणीकडे गेला. सकाळी गेलेला, दुपारी परत यायचा. मी शाळेतून लवकर आलो होतो. चार वाजले, पाच वाजले. वळणावर चिरा रिकामा, शेजारी डबा. मी सहज डब्यात बघितलं. रिकामा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबी बाहेर गेला तर त्याच्या नावाचं शिंपलं टाकणारं कुणी नाही. तो आला काय, न आला काय, त्या डब्याला कळणार नव्हतं.

मी घरी गेलो नाही. सुनंदाला फोन करून सांगितलं. बाबीलाही लावला, पण गाडीवर असला की तो उचलत नाही. मी चिऱ्यावर बसलो. गोपाळने दोनदा विचारलं, काय रे, कोण यायचं आहे? मी सांगितलं, बाबी. तो म्हणाला, येईल की, त्याचा वेग ठाऊक नाही का? मी म्हटलं, ठाऊक आहे म्हणूनच. फोंडाघाटाहून तीसच्या वेगाने किती तास लागतात याचा हिशेब मी तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा ती वेळ उलटून गेलेली होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर मला संशय येऊ लागला. हा टेम्पो इतक्या जोरात कुठून आला? त्या रिक्षाच्या बंपरला नवा पोचा कसला?

सूर्य खाली गेला. वळणापलीकडे उजेड अजून होता आणि त्यात ते नारिंगी जॅकेट आलं. सावकाश. मला बघताच त्याने गाडी कडेला घेतली, काच वर केली. 

"वयनी बरी आसा मां?"

मी म्हटलं, बरी आहे.

"मगे कोण? कोण येवक नाय?"

"तू," मी म्हणालो. "तुझी वाट बघत होतो. उशीर झाला म्हणून."

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. बंद पडलेल्या ट्रकच्या मागून कुणीतरी धावत येईल अशा नजरेने तो ट्रककडे बघतो, तसं पाहिलं. कुणी सांगितलं तुला बसायला, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही.  त्याने गाडी बंद केली. स्टँडवर लावली. हातमोजे काढून टाकीवर ठेवले, एकावर एक, आणि मग सांगायला लागला.

बहिणीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुळथाची पिठी केली होती. निघाला तर मागच्या चाकात हवा कमी वाटली. फोंडाघाटच्या बाजारात पंक्चरवाला जेवायला गेलेला, त्याची वाट बघावी लागली. पंक्चर नव्हतं, वॉल्व्ह होता. मग कणकवलीत आला तर ऊन, म्हणून एका झाडाखाली थांबला. तिथे एक मुलगा हेल्मेट उलटं घालून चालला होता, त्याला थांबवलं, त्यात वेळ गेला. हे सगळं तो खाली बघत सांगत होता. एकेक थांबा, एकेक कारण, काही सुटू नये म्हणून मध्येच मागे जाऊन पुन्हा सांगत होता. घरी उशिरा आलेला माणूस दारात उभा राहून सांगतो तसा.

 कणकवलीनंतर त्याच्या वाटेवर अजून कसाल यायचं होतं. मी चिऱ्यावर सरकून त्याला जागा करून दिली.